परिशिष्टाची प्लेसमेंट

माणसाने जेवताना तोंड उघडावं ते घास घेण्यापुरतं. एवढं एक पथ्य मी त्या संध्याकाळी पाळलं असतं, तर आज माझी आरामखुर्ची माझ्या घरात असती, मला स्वतःच्या घरात पुढच्या दाराने शिरता आलं असतं, आणि दर शुक्रवारी आपल्या कामाविषयी भाचीचं मत ऐकून त्याखाली निमूट सही करायची वेळ माझ्यावर आली नसती. पण मी बोललो. (दमलेली माणसं गप्प बसतात असा एक समज आहे. तसं काही नाही. दमलेली माणसंही बोलतात, फक्त नको तेव्हा.)

मी विद्यापीठात परदेशी विद्यार्थी कक्षात कारकून आहे. परदेशातून आलेल्या मुलांनी शिकता शिकता कुठे, किती आणि कसलं काम करावं हे सांगणं माझ्याकडे आहे. म्हणजे खरं तर कुठे, किती आणि कसलं करू नये हे. सकाळी खिडकीचं शटर वर केलं की समोर रांग तयारच असते, आणि रांगेतल्या प्रत्येकाला वाटतं की आपलं प्रकरण जगावेगळं आहे. मी तेच तेच सांगत राहतो. वर्ग चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर काम करता येणार नाही. अभ्यासक्रमातली प्लेसमेंट, म्हणजे शिक्षणाचाच भाग म्हणून कुठेतरी केलेलं काम, त्यात धरत नाहीत, पण ती अभ्यासाशी संबंधित पाहिजे, आधी मंजूर झालेली पाहिजे, आणि परवानगी हातात येईपर्यंत तिथल्या खुर्चीत टेकायचंसुद्धा नाही. "पण सर, मला तिथे पैसे मिळत नाहीत, मी नुसती मदत करतो," असं म्हणणारा एक तरी रोज येतोच. त्याला मी पुस्तिका उघडून दाखवतो: मोबदला नसला तरी काम ते कामच. हे वाक्य माझं आहे. पुस्तिकेतले नियम वरून येतात, पण मागची परिशिष्टं मी लिहिलेली आहेत, आणि खोटं कशाला बोलू, मला ती आवडतात. ऑफिसात मला सगळे 'परिशिष्ट' म्हणूनच हाक मारतात. नव्या मुलांना ते माझं आडनाव वाटतं. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

घरी पुढच्या खोलीत बायकोचं दुकान आहे. कपड्यांची दुरुस्ती. कोणाची चेन बदलून दे, कोणाची पँट आखूड कर, कोणाचे पडदे रुंद कर. दोन मशीनं, कापायचं एक भलंमोठं टेबल (त्यावरच आम्ही जेवत असू, तेव्हा) आणि भिंतभर दोऱ्यांची रिळं. मी ऑफिसातून आलो की चहा घेता घेता थोडा हात लावतो. थोडा म्हणजे उसवतो. जुनी शिवण उसवल्याशिवाय नवी घालता येत नाही, आणि उसवायला अक्कल लागत नाही असं बायकोचं मत असल्याने ते खातं पहिल्यापासून माझ्याकडे. शिवाय बटणं लावणं, इस्त्री आणि तयार कपडे पोचवणं. शर्टाच्या कॉलरमागे ओवलेली सुई खोचून ठेवायची इतकी सवय झालीय की कित्येकदा ती तशीच ऑफिसात येते. पण याला मी कधी काम म्हटलं नाही. काम मी ऑफिसात करतो.

आणि आमच्याकडे बबडी आहे. बबडी म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण लग्न होऊन परदेशात गेली, बबडी तिथेच जन्मली, तिथेच वाढली, आणि तयार कपड्यांच्या उत्पादनाचं शिक्षण घ्यायला आमच्या विद्यापीठात आली. राहते आमच्या मागच्या खोलीत. घरात ती आमची भाची, आणि विद्यापीठाचं फाटक ओलांडलं की परदेशी विद्यार्थिनी. आठवड्याचे वीस तास ती ग्रंथालयात पुस्तकं लावते. त्यातच तिची कामाची मर्यादा संपते.

तर त्या संध्याकाळी बँकेतल्या बाईंचा कोट शिवून पडला होता आणि सकाळी द्यायचा होता. वाढता वाढता बायको म्हणाली, "बबडे, जेवण झालं की त्या कोटाला बटणं लावून दे. हे आज पेंगतायत, उलटीसुलटी लावतील."

इथे मी तोंड उघडलं.

"तिला नाही लावता येणार."

"का? हात दुखतोय का गं तुझा?"

"हाताचा प्रश्न नाही. तिचे या आठवड्याचे वीस तास झाले."

"बटणांना वीस तास?"

"ग्रंथालयाचे. आता एक बटण जरी लावलं तरी ते वीसच्या वर जातं."

"अहो, मी काय पगार देतेय तिला?"

"मोबदला नसला तरी काम ते कामच," मी म्हणालो. (परिशिष्ट तोंडपाठ असलं की असं होतं.) "दुकान तुझं, गिऱ्हाईक बाहेरचं. उद्या कोणी विचारलं तर?"

"कोण विचारणार? कोट?"

बबडी इतका वेळ चमच्याने ताटात रेघोट्या ओढत होती. मान खालीच ठेवून ती म्हणाली, "काका, आता वीस काय आणि चाळीस काय. माझी प्लेसमेंट गेली."

ज्या कपड्यांच्या कारखान्यात तिला घेणार होते, तो दुसऱ्या कोणीतरी विकत घेतला होता, आणि नव्या मालकाला शिकाऊ मुलं नको होती. दुपारी फोन आला होता. दिवसभर तिने कोणाला सांगितलं नव्हतं. पुढचं तिने सांगायची गरज नव्हती, ते मला तिच्याहून जास्त पाठ होतं. प्लेसमेंट सोमवारी सुरू झाली नाही तर सत्र वाया, सत्र वाया तर प्रवेश रद्द, आणि प्रवेश रद्द तर राहण्याचा परवाना रद्द. म्हणजे बॅग भरायची आणि परत जायचं. हेच मी खिडकीतून किती मुलांना सांगितलं असेल, आणि सांगून झाल्यावर त्यांच्या खांद्यावरून मागे बघत "पुढचा" म्हटलं असेल. आता समोर बबडी होती, आणि तिच्यामागे कोणी पुढचा नव्हता.

बायकोने भांडं खाली ठेवलं. "मग माझ्याकडे लावा तिची प्लेसमेंट."

"असं कुठेही लावता येत नाही. अभ्यासाशी संबंध लागतो."

"ती काय शिकते? कपडे. मी काय करते?"

"दुकानाची नोंदणी लागते."

"पाटी लावली तेव्हाच केलीय. तुम्हीच उभे होतात रांगेत."

"देखरेख करायला अनुभवी माणूस लागतो."

तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"आणि नातेवाइकाकडे..." मी म्हणालो आणि थांबलो.

"नातेवाइकाकडे चालत नाही?"

चालतं. तीच तर अडचण होती. फक्त अशा प्लेसमेंटला आधी तात्पुरती परवानगी मिळते, आणि मग विद्यापीठाचा माणूस प्रत्यक्ष जागा पाहून अंतिम मंजुरी देतो किंवा देत नाही. हे कलमही माझंच. एका मुलाने मामाच्या कारखान्यात प्लेसमेंट घेतली होती. कारखाना म्हणजे मामाचं गॅरेज निघालं, आणि मामा तर निघालाच नाही. त्यानंतर मी एका बैठकीत हे कलम लिहून काढलं आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली. ती थाप मला आता लागली.

"बघतो," मी म्हणालो. बबडीने पहिल्यांदा मान वर केली. त्या चेहऱ्याकडे बघून 'बघतो' म्हणणाऱ्या माणसाला मागे फिरता येत नाही.

घरचं प्रकरण असल्याने अर्जाला मी हात लावू शकत नव्हतो. तो माझ्या समोरच्या टेबलावरच्या बाईंकडे गेला. त्यांनी चष्म्यातून वाचला, पुस्तिका काढली, आणि अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "परिशिष्ट, पाहणी लागणार बरं का. तुमचंच कलम." अर्ज बायकोने स्वतः भरला होता. व्यवसाय, दुरुस्ती व शिवण. मालक, स्वतः. इतर कर्मचारी, कोणी नाही. ती हे लिहीत होती तेव्हा मी तिच्या शेजारी बसून कोणाच्या तरी पडद्याची कड उसवत होतो. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

सोमवारी प्लेसमेंट सुरू झाली आणि माझं घर संपलं.

चूक पुन्हा माझीच. बायकोला नियम नीट समजावेत म्हणून मी तिला पुस्तिका दिली. मला वाटलं ती चाळेल. तिने ती कापडाचं माप घ्यावं तशी घेतली, एकदा सरळ, एकदा आडवी. संध्याकाळी घरी आलो तर पुढचं दार लावलेलं. काचेतून बायकोने मागून यायची खूण केली.

मी वळसा घालून, कचऱ्याचे डबे ओलांडून, मोरीच्या दाराने घरात शिरलो. "हे काय?"

"कामाच्या वेळेत परक्या माणसाने कामाच्या जागेतून ये-जा करायची नाही," ती म्हणाली. "तुम्हीच लिहिलंय."

"मी परका आहे?"

"दुकानाला परकेच की. पाहुण्याचा बिल्ला आहे खुंटीला, तो लावून या हवं तर."

मी बिल्ला लावून आत गेलो. (माणूस दमला की अभिमान फार वेळ धरून ठेवत नाही, हात दुखतात.) आत गेल्यावर कळलं की माझी आरामखुर्ची मागच्या गॅलरीत गेली आहे. आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता मोकळा हवा, आणि खुर्ची बरोबर रस्त्यात होती. मी म्हटलं, इतकी वर्षं आग लागली नाही. बायको म्हणाली, इतकी वर्षं पाहणी पण नव्हती. टेबलावर जेवण बंद झालं, कारण कामाच्या टेबलावर खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत. आम्ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्याने जेवू लागलो. प्लेसमेंटच्या वेळात विद्यार्थिनीला घरकाम सांगायचं नाही, म्हणून भांडी माझ्याकडे आली. प्लेसमेंटची वेळ संपल्यावर तिने सुईला हात लावायचा नाही, म्हणून उरलेली बटणंही माझ्याकडे आली. मंगळवारी प्रथमोपचाराचा सराव झाला. इस्त्रीने भाजलेला माणूस म्हणून मला धरलं, आणि बबडीने माझा हात कोपरापर्यंत बांधला. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं आणि दोघी पुढे गेल्या. मी बराच वेळ तसाच भाजलेला बसून होतो.

पण एक सांगतो, बबडी खुलली. तिने रिळं रंगाप्रमाणे लावली, कोणता कपडा कुठे अडलाय ते दाखवणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या केल्या, बायकोचं बसायचं स्टूल उंच करून घेतलं आणि बायकोची पाठ दुखायची थांबली. सकाळी ती गुणगुणत कामाला बसायची. बायको तिला तिरक्या कापडाला ताण न देता टीप कशी घालायची ते शिकवायची, आणि शिकवताना तिचा आवाज असा काही मऊ व्हायचा की तो मी आमच्या साखरपुड्यानंतर ऐकला नव्हता. मी स्वयंपाकघरातून भांडी घासत ऐकायचो. मनातून वाटायचं, ही मुलगी गेली तर हे घर ओस पडेल.

एकदा बबडी म्हणाली, "मावशी, मी सगळं बघितलं. आपलं काम एकाच ठिकाणी अडतंय."

"कुठे?"

"उसवण्यापाशी."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी बिल्ला सरळ केला.

"काका, तुम्ही प्रत्येक टाका वेगळा ओढता," बबडी समजुतीने म्हणाली. "मध्ये मध्ये तीन-चार टाके कापून घेतले की बाकीचा धागा आपोआप सुटतो." मी करून पाहिलं. सुटला. इतकी वर्षं मी काय करत होतो कोणास ठाऊक.

आणि मग पाहणी आली.

पाहणीच्या मॅडम माझ्याइतक्याच दमलेल्या दिसल्या, त्यामुळे मला जरा धीर आला. अंगात लांब कोट, हातात फाइल, आणि कोटाचं मधलं बटण एका धाग्यावर लोंबकळत होतं. ते बटण बायकोने दारातच पाहिलं. तिची नजर तिथून हलेना. दारू सोडलेल्या माणसासमोर बाटली ठेवावी तशी ती अस्वस्थ झाली. मी तिला आत नेऊन कुजबुजलो, "हात लावायचा नाही. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याचं काम फुकट केलं तर ती लाच होते."

"अहो, पण पडेल ते."

"पडू दे."

मॅडमनी सगळं पाहिलं. बाहेर पडायचा रस्ता पाहिला, प्रथमोपचाराची पेटी उघडून पाहिली, बबडीची बसायची जागा, उजेड, इस्त्रीची वायर पाहिली. बबडीला विचारलं, इथे काय शिकलात. बबडीने चिठ्ठ्या दाखवल्या, स्टूल दाखवलं, काम कुठे अडतं आणि ते कसं सोडवलं ते सांगितलं. (कोणापाशी अडतं ते सांगितलं नाही. गुणी मुलगी.) बायकोला विचारलं, हिच्या कामात काय सुधारणा झाली. बायको म्हणाली, "आधी ती पुस्तकातलं बोलायची. आता कापडाकडे बघून बोलते." मॅडमनी हे शब्द न् शब्द लिहून घेतलं. ज्यांना आमच्या कक्षात कधी कोणी हसताना पाहिलं नव्हतं, त्या किंचित हसल्या. पेनाचं टोपण काढलं, सहीची जागा शोधली आणि तेवढ्यात बटण पडलं.

ते टेबलाच्या कडेला आपटलं आणि घरंगळत मशीनखाली गेलं.

त्यानंतर जे झालं ते मी विचार करून केलं नाही. शपथेवर सांगतो. जमिनीवर बटण पडल्याचा आवाज आला की माझे गुडघे आपोआप वाकतात. मी मशीनखालून बटण काढलं, कॉलरमागची ओवलेली सुई काढली, मॅडमच्या कोटाची कड डाव्या हातात धरली, बटणाखाली काडी ठेवून टाके घातले, काडी काढून बटणाखालच्या धाग्याला वेढे दिले, गाठ मारली आणि धागा दाताने तोडला. सगळं होऊन गेल्यावर माझ्या लक्षात आलं की विद्यापीठाच्या एका वरिष्ठ अधिकारी बाईंच्या पोटापाशी मी गुडघे टेकून बसलोय.

मॅडमनी बटण ओढून पाहिलं. "हात फार सफाईदार आहे हो तुमचा."

आता तुम्हीच सांगा. ऑफिसात माझं शेवटचं कौतुक त्या मामाच्या गॅरेजच्या वेळी झालेलं. घरी तर उसवण्याचं कौतुक कोण करतं? मी उठलो, गुडघे झटकले आणि फुशारलो. "सवय झालीय मॅडम. रोज ऑफिस सुटलं की बसतोच. रविवार तर पूर्ण दिवस. इस्त्री, बटणं, पोचवणं सगळं माझ्याकडे. आणि उसवणं म्हणाल तर या दुकानातलं बहुतेक..."

बायको खोकली. बबडीने डोळे मिटले. मी मात्र "बहुतेक सगळं मीच उसवतो" हे वाक्य पूर्ण करूनच थांबलो.

मॅडमनी पेनाचं टोपण परत लावलं. फाइलचं पहिलं पान काढलं. "इथे लिहिलंय, इतर कर्मचारी कोणी नाही."

"नाहीच," मी म्हणालो. "मी नवरा आहे."

"ते नातं झालं. मी काम विचारतेय."

"पण मला पैसे मिळत नाहीत. मी आपली नुसती मदत..."

बोलताना मलाच माझा आवाज ओळखीचा वाटला. रोज खिडकीच्या पलीकडून येतो तो. मॅडमनी पुस्तिका काढली, मागचं पान उलटलं आणि वाचलं, "मोबदला नसला तरी काम ते कामच." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हे तुमचंच ना? चांगलं लिहिलंय. थोडक्यात."

"हे बघा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनाही ते म्हणायला आवडत नव्हतं हे दिसत होतं, "बाकी सगळं उत्तम आहे. पण अर्जातली माहिती चुकीची असली तर मला मंजुरी देता येत नाही."

मी बबडीकडे पाहिलं. ती रडत नव्हती. चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात घेऊन त्याच्या कडा जुळवत होती, पुन्हा पुन्हा, जुळलेल्याच. हिच्या आईला मी काय तोंड दाखवणार? पोरीचं शिक्षण कशाने बुडालं, तर काकांनी बढाई मारली म्हणून.

"मॅडम, मी उद्यापासून कशाला हात लावणार नाही," मी म्हणालो. "सुईला शिवणार नाही."

"मग उसवणार कोण?" बायको म्हणाली.

मी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जिचा अर्थ तिला कळायला हवा होता. कळला नाही.

तेवढ्यात बबडी पुढे आली. "मॅडम, काका कर्मचारी नाहीत. काका शिकाऊ आहेत."

"म्हणजे?"

"कर्मचाऱ्याला काम दिलं की तो ते आपलं आपण करतो. काकांना सांगावं लागतं. कुठून धरायचं, कुठे थांबायचं, कोणती बाजू. मावशी शिकवते, ते शिकतायत."

मॅडम बायकोकडे वळल्या. "खरं आहे हे?"

बायकोने एकदा बबडीकडे पाहिलं. मग तिच्या डोळ्यांत एक चमक आली, आणि ती मला अजिबात आवडली नाही. "अगदी खरं. मागे बँकेतल्या बाईंच्या कोटाची उजवी बाही उसवायला दिली, तर यांनी डावी उसवली. चांगली बाही. समोर बसतात ना माझ्या. माझी उजवी ती यांची डावी, हे अजून शिकवतेय मी."

"आणि काज," बबडी म्हणाली.

"काजाचं तर विचारूच नका. शर्टाच्या पुढच्या पट्टीवरचं काज यांनी पाठीवर कापलं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या काय शोधत होत्या ते मला समजलं. सगळा प्रश्न आता एवढाच उरला होता की मी बिनकामाचा आहे हे सिद्ध होतं की नाही. आणि बबडीसाठी मी जिवाचं रान करायला तयार होतो.

"मॅडम, पडद्याचं सांगतो," मी म्हणालो. "दोन पडदे होते, ते मी मधली शिवण न उसवता एकमेकांना जोडलेलेच पोचवले. त्यांनी तसेच लावले. खिडकी उघडता येईना. आणि इस्त्रीत मी एकदा पँटला चार घड्या पाडल्या, ते गृहस्थ ती घालून मुलाखतीला गेले." मी सांगत सुटलो. असल्या गोष्टी माझ्याकडे एवढ्या निघतील याची मलाच कल्पना नव्हती. बायको मध्ये मध्ये तपशील दुरुस्त करत होती. तिला सगळं पाठ होतं. बँकेतल्या बाईंचं नाव पुन्हा निघालं तेव्हा मॅडमनी हात वर करून थांबवलं.

"पण आता हे बटण?"

"तेवढं एक येतं यांना," बायको म्हणाली. "त्यालाही खूप वर्षं लागली."

"किती वर्षं शिकतायत?"

"लग्न झाल्यापासून."

मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांच्या मनात काय आलं असेल सांगता येत नाही, पण त्यांच्याही घरी कोणीतरी असावं. मग त्यांनी अर्जातली ती ओळ खोडली, वर 'एक शिकाऊ' असं लिहिलं, आणि बायकोकडून शेजारी सही घेतली. "दुरुस्ती केली म्हणजे माहिती चुकीची राहत नाही," त्या म्हणाल्या. "फक्त एक आहे. एकट्याच्या दुकानात एका देखरेख करणाऱ्याकडे एकच शिकाऊ चालतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "परिशिष्ट तुमचंच आहे."

"काकांकडे मी बघते," बबडी म्हणाली. "देखरेख हा विषय आहेच मला या सत्रात."

मॅडमनी सही केली. जाताना दारात थांबून त्यांनी बटणावरून एकदा हात फिरवला, आणि फुकट काही नको असं बायकोला बजावून बटणाचे पैसे ठेवून गेल्या. दार बंद झालं. बबडी मटकन स्टुलावर बसली आणि आधी हसली, मग रडली, मग मावशीच्या गळ्यात पडून दोन्ही करत राहिली. मी बाजूला उभा होतो. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी बिल्ल्याच्या फितीने पुसलं.

आता माझा दिनक्रम सांगतो. ऑफिस सुटलं की मी मागच्या दाराने घरी येतो, बिल्ला बदलतो (आता 'शिकाऊ' असा आहे) आणि बबडीसमोर हजर होतो. ती मला काम समजावून देते. शुक्रवारी माझं मूल्यमापन होतं. वक्तशीरपणा चांगला. सूचना ऐकतो, पण सगळ्या नाही. स्वतःहून काम सुरू करतो का, तर सांगितल्यावर. समोरच्या टेबलावरच्या बाईंकडून ऑफिसबाहेर शिकण्याची रीतसर परवानगीही घ्यावी लागली. ती देताना त्यांनी मला रांगेत उभं केलं, खिडकीच्या पलीकडच्या बाजूला. मागचा मुलगा मला म्हणाला, "तुमचं प्रकरण काय आहे?" मी म्हणालो, "जगावेगळं आहे."

मला एकच आशा होती, वीस तासांची. पहिल्याच आठवड्यात, बुधवारी की गुरुवारी, मी सुई खाली ठेवली आणि बबडीला म्हटलं, "झाले माझे वीस तास. आता एक बटण जरी लावलं तरी वीसच्या वर जातं." गॅलरीतली आरामखुर्ची मला दिसत होती.

बबडीने पुस्तिका उघडली, ओळीवर बोट ठेवलं आणि हळुवारपणे म्हणाली, "काका, ती मर्यादा परदेशी विद्यार्थ्यांना आहे. तुम्ही इथलेच."

सत्र संपलं. बबडी पहिल्या वर्गात पास झाली. तिच्या प्राध्यापकांनी विशेष शेरा दिला की अत्यंत मर्यादित मनुष्यबळ हाताशी असतानाही विद्यार्थिनीने उत्पादन वाढवून दाखवलं. आम्ही तिघं टेबलावरचं कापड बाजूला सारून त्या दिवशी बसून जेवलो. जेवण झाल्यावर तिने माझा शेवटचा कागद माझ्यापुढे ठेवला. मला वाटलं होतं, मीही सुटलो. तिने लिहिलं होतं, 'प्रगती आहे. मुदतवाढ द्यावी.'

"किती मुदतवाढ?" मी विचारलं.

बायको एव्हाना मशीनवर जाऊन बसली होती. तिने मान वर न करता एक पडदा माझ्याकडे सरकवला. "ते नंतर बघू. आधी ही उजवीकडची शिवण उसवा."

मी कॉलरमागची सुई काढून ठेवली, ब्लेड घेतलं, बबडीने शिकवलं तसे मध्ये मध्ये टाके कापले, आणि धागा एका ओढीत सुटला. मी अभिमानाने मान वर केली.

बायको पडद्याकडे बघत होती. "माझी उजवी," ती म्हणाली.